इंग्रजीच्या तासाला मूल काय करते?

खराडी मागे टाकून नगर रस्त्याने पुढे निघाले की वाघोली लागते. पिलाजी जाधवरावांची समाधी आणि वाघेश्वराचे देऊळ ही या गावाची जुनी ओळख. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी तेवीस गावे आली, त्यांत वाघोली होती. कागदावर शहर होण्याच्या कितीतरी आधी ती प्रत्यक्षात शहर झाली होती. एका बाजूला आयटीतल्या नोकरदारांच्या उंच सोसायट्या, दुसरीकडे दगडखाणी आणि क्रशरच्या आसपासच्या पत्र्याच्या वस्त्या, मध्ये जुने गावठाण. शाळाही तशाच नाना तऱ्हेच्या. मोठी फी घेणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, संस्थांच्या सेमी-इंग्रजी शाळा आहेत, सरकारी मराठी शाळा आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात शिकायला आणले आणि त्यांच्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा केला तो वाघोलीतच. खाणकामगारांच्या मुलांसाठी बस्तू रेगे यांच्या ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून ‘पाषाण शाळा’ चालवल्या, त्याही याच परिसरातल्या खाणींवर.

इतक्या वेगवेगळ्या घरांत एक चिंता मात्र सारखी आहे. मुलाला इंग्रजी आले पाहिजे. सोसायटीतल्या आईला वाटते तेच खाणीवर खडी फोडणाऱ्या आईला वाटते. या चिंतेची टिंगल करण्याचा अधिकार कुणालाही नाही. आपल्या समाजात इंग्रजी येणाऱ्यासाठी जी दारे उघडतात ती न येणाऱ्यासाठी बंद राहतात, हे त्या आईने अनुभवाने ओळखले आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, ते याच जाणिवेतून.

प्रश्न आहे तो आपण या चिंतेचे काय केले याचा. गेली पावणेदोनशे वर्षे आपण इंग्रजी कितवीपासून आणि शिक्षण कोणत्या माध्यमातून यावर भांडत आलो. इंग्रजीच्या तासाला मूल प्रत्यक्षात काय करते, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीचे खरे दुखणे तिथे आहे, असे माझे ठाम मत आहे. आपले मूल त्या तासाला स्वतः वाचत नाही आणि स्वतःचे वाक्य लिहीत नाही. या दोन गोष्टी सुरू झाल्याशिवाय इयत्ता बदलून, माध्यम बदलून किंवा पद्धतीचे नाव बदलून काहीही हाती लागणार नाही. आणि त्या सुरू करायच्या तर मराठीला वर्गाबाहेर काढून चालणार नाही, तिला सोबत घ्यावे लागेल.

आधी ‘कितवीपासून’चा हिशेब पाहू. १८४० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात एर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते, तर जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांतून शिक्षण द्यावे म्हणून झगडत होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवण्याचे धोरण आले. पुढे महाराष्ट्रात ते पाचवीपासून झाले. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, जून २००० पासून, मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्यानंतर सेमी-इंग्रजीची लाट आली. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला आणि २९ जूनला सरकारला त्याविषयीचे आपले दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. हे वाद निरर्थक नव्हते. शिक्षण मुलाच्या स्वतःच्या भाषेतून व्हावे, हे शंकरशेटांचे म्हणणे आजचे शिक्षणशास्त्रही मान्य करते. पण इयत्ता आठवी असो की पहिली, वर्गातला तास तसाच राहिला.

त्या तासाचा हिशेब साधा आहे. वर्षाला दोनशे दिवस आणि रोज पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली, तरी पहिली ते दहावी या दहा वर्षांत मूल अकराशेहून अधिक तास इंग्रजीच्या वर्गात बसते. एखादी भाषा वाचता, समजता आणि कामापुरती लिहिता येण्यासाठी हा वेळ कमी नाही. तरीही २०२३ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांनाच इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली, आणि वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचलेले समजणारी मुले शंभरात बेचाळीसच्या आसपास. याच पाहणीतली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या वयाच्या सुमारे पंचवीस टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता येत नव्हता. दोन्ही आकड्यांचे मूळ एकच आहे. ज्या शाळेत वाचणे ही रोजची कृती नसते, तिथे कोणतीच भाषा पक्की होत नाही.

मग ते अकराशे तास जातात कुठे? नववी-दहावीच्या कुठल्याही सामान्य वर्गात पाहा. शिक्षक पाठ वाचतात, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर शब्दार्थ लिहितात आणि प्रश्नोत्तरे देतात. मुले ती वहीत उतरवून घेतात. घरी गाईड असते, क्लासमध्ये अपेक्षित प्रश्नसंच असतो. निबंध, पत्र, भाषण हे सगळे तयार मिळते आणि पाठ होते. या साखळीत वाचण्याचे काम शिक्षकाने केले, अर्थ लावण्याचे काम शिक्षकाने केले, वाक्य रचण्याचे काम गाईडच्या लेखकाने केले. मुलाच्या वाट्याला नक्कल आणि पाठांतर उरले. भाषा शिकणे म्हणजे जी कामे, ती सगळी दुसऱ्यांनी केली. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ओळीचा अर्थ मराठीऐवजी सोप्या इंग्रजीत सांगितला जातो एवढाच फरक. उत्तरे तिथेही बहुतेक वेळा लिहूनच दिली जातात. म्हणून तिथली मुले सफाईने बोलतात आणि तरीही एक पान स्वतःच्या मनचे लिहायला सांगितले की अडखळतात.

याचा दोष शिक्षकावर ढकलणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांत प्रत्येक मुलाला बोलू द्यायचे म्हटले तर एकेकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे यांत शिक्षकाचे दिवस जातात. दहावीच्या तृतीय भाषेच्या इंग्रजी पेपरात पाठ्यपुस्तकातल्याच उताऱ्यांना आणि कवितांना मोठा वाटा असतो. पुस्तकातलाच उतारा परीक्षेत येणार असेल तर तो पाठ करून घेणे ही शिक्षकाची आळशी वृत्ती नाही. निकाल लावण्यासाठी केलेली ती व्यवहारी निवड आहे. व्यवस्थेने जे मोजले तेच त्याने शिकवले.

पद्धतींचा इतिहासही हेच सांगतो. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले. नियम, उदाहरण, मराठीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी असा तो क्रम होता. त्यानंतर मराठीचा आधार न घेता थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवण्याचा विचार आला. पुढे मार्टिन यांच्यासोबतच्या व्याकरणाने घरोघरी पोहोचलेले पी. सी. रेन हे इथल्या शिक्षणखात्यात असताना या थेट पद्धतीचे पुरस्कर्ते होते. ढाक्यात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात वेगळी भूमिका घेतली. बहुतेक भारतीय मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्यासाठी लागणार आहे, तेव्हा मर्यादित शब्दांत लिहिलेली सोपी पुस्तके भरपूर वाचायला द्यावीत, असे त्यांचे सांगणे होते. स्वातंत्र्यानंतर ठरावीक वाक्यरचना घोटवण्याची संरचनात्मक पद्धत आली. तीही थकली तेव्हा संवादावर भर देणारी पद्धत आली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांना व्याकरण न शिकवता रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे यांवरची कोडी सोडवायला द्यायची आणि विचार करता करता भाषा मनात उतरू द्यायची, हा ‘बंगळूर प्रकल्प’ जगभरच्या भाषाशिक्षणात आजही अभ्यासला जातो.

यातल्या प्रत्येक पद्धतीत काही ना काही खरे होते. तर्खडकरांनी मुलाला दोन भाषांची तुलना शिकवली. वेस्ट यांनी वाचनाचे मोल ओळखले. प्रभूंनी मुलाच्या डोक्याला काम दिले. पण आपल्याकडे प्रत्येक पद्धत वरून परिपत्रक म्हणून आली, पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत बसली आणि शेवटी पेपर पॅटर्न होऊन संपली. संवादकौशल्य आले म्हणताना संवाद लिहिण्याचा प्रश्न आला आणि गाईडमध्ये तयार संवाद छापले गेले. प्रभूंनीच १९९० मध्ये एका लेखात मांडले की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. आपण जे करतो आहोत त्याने मूल शिकते आहे की नाही, याची शिक्षकाला स्वतःला आलेली प्रचीती हीच निर्णायक असते. परिपत्रकाने ती प्रचीती देता येत नाही. ती वर्गात मुलांकडून काम करवून घेतल्यावरच येते.

हे काम म्हणजे काय, तर पहिले वाचन. फिजी बेटांवरच्या ग्रामीण शाळांत १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नव्हती अशा चौथी-पाचवीच्या वर्गांत त्यांनी प्रत्येकी अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तके ठेवली. काही वर्गांत मुलांनी रोज गप्प बसून वाचले, काही वर्गांत शिक्षकांनी मुलांबरोबर मोठ्याने वाचून त्यावर बोलणे केले. नेहमीच्या संरचनात्मक पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या तुलनेत या मुलांची वाचनातली प्रगती सुमारे दुप्पट झाली. त्यासाठी प्रयोगशाळा, संगणक किंवा इंग्लंडहून आलेले शिक्षक लागले नाहीत. पुस्तके आणि वाचण्याची मोकळीक एवढेच लागले.

आपल्या माध्यमिक वर्गात अशी पुस्तके कुठे आहेत? ग्रंथालय आहे, पण कपाटाला कुलूप आहे आणि पुस्तके मुलाच्या पातळीच्या फार वरची आहेत. आठवीतल्या मुलाचे इंग्रजी चौथीच्या पातळीचे असेल तर त्याला चौथीच्या पातळीचे पुस्तक मिळाले पाहिजे, त्यात कमीपणा नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीतही आणि इंग्रजीतही मोफत मिळते. शाळेला ती छापून वर्गात ठेवता येते. आठवड्यातल्या पाच-सहा तासिकांपैकी एक पूर्ण तासिका शांत वाचनाला दिली, तर पाठ्यपुस्तक मागे पडत नाही. उलट ते समजू लागते.

वाचायला काय द्यावे, याचाही विचार झाला पाहिजे. इंग्रजी म्हणजे परक्या देशातली फुले आणि परक्या देशातला हिवाळा, असे मुलांच्या मनावर आपण नकळत बिंबवले आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या जेजुरीवर अरुण कोलटकरांनी इंग्रजीत लिहिलेला ‘जेजुरी’ हा कवितासंग्रह १९७६ मध्ये आला आणि त्याला राष्ट्रकुल कवितापुरस्कार मिळाला. वाघोलीतल्या कितीतरी घरांतून खंडोबाच्या दर्शनाला माणसे जातात. त्या घरातल्या दहावीच्या मुलीला कळले पाहिजे की मराठीतही थोर कविता लिहिणाऱ्या एका कवीने त्याच पायऱ्या, तीच देवळे, तेच पुजारी इंग्रजीत मांडले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शांता गोखले यांच्या इंग्रजी अनुवादात उपलब्ध आहेत. दया पवारांचे ‘बलुतं’ जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेले. त्यांतली निवडक पाने शेजारी मूळ मराठी ठेवून वाचली, तर मुलाला दोन गोष्टी कळतात. आपले जगणे इंग्रजीत मावते, आणि ते इंग्रजीत नेताना काही सुटते, काही नव्याने दिसते. अमेरिकेत लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्येच सांगितले होते की साहित्यकृतीचा अर्थ पुस्तकात बंद नसतो, वाचणाऱ्याच्या अनुभवाशी तिची गाठ पडते तेव्हा तो घडतो. गाईडमधल्या ‘कवितेच्या मध्यवर्ती कल्पने’ने ती गाठच तोडून टाकली आहे.

दुसरे काम लेखन. याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण आपल्याच पुण्यातले आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, चौदाएक वर्षांच्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने दोन भागांत छापला. शाळेत येऊन तिला काही थोडीच वर्षे झाली होती. तिला कुणी तयार निबंध दिला नव्हता. तिच्याकडे सांगण्यासारखे होते, आणि तुझे सांगणे मोलाचे आहे असे मानणारी शाळा तिला मिळाली होती. लेखन शिकवण्याचे सगळे शास्त्र या दोन गोष्टींत आहे. तिने ते मराठीत लिहिले. आपल्या भाषेत जो एवढे लिहू शकतो, त्याला दुसऱ्या भाषेत लिहिण्याची वाट दाखवता येते. आपल्या भाषेतही ज्याने स्वतःचे काही लिहिले नाही, त्याला कोणतीच वाट दाखवता येत नाही.

वाघोलीत लिहिण्याचे विषय शोधायला जावे लागत नाही. सोसायटीत येणारा पाण्याचा टँकर, नगर रस्त्यावरची रोजची कोंडी, खाणीतल्या सुरुंगाचा हादरा, गावठाणातल्या आजोबांनी पाहिलेली शेती, परराज्यातून आलेल्या शेजारणीचा स्वयंपाक. पहिल्या दिवशी मुलाने यांपैकी एका विषयावर पाच इंग्रजी वाक्ये लिहावीत, अडेल तिथे मराठी शब्द घालावा. दुसऱ्या दिवशी जोडीदाराने वाचून एक प्रश्न विचारावा. तिसऱ्या दिवशी पाचाची आठ वाक्ये व्हावीत. शिक्षकाने त्यातली प्रत्येक चूक लाल शाईने खोडू नये. या आठवड्यात फक्त भूतकाळाची रूपे, पुढच्या आठवड्यात फक्त वाक्यांची जोडणी, असे एकेक हाती घ्यावे. साठ वह्या रोज तपासता येत नाहीत, पण रोज दहा तपासल्या तर दर सहा दिवसांनी प्रत्येक मुलाच्या लेखनावरून शिक्षकाची नजर फिरते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मुलाला मनासारखे लिहू द्या, चुका होऊ द्या, हे सुशिक्षित घरातल्या मुलाला परवडते. ज्याच्या घरी इंग्रजीचा एक शब्द नाही त्याला नियमच हवेत, घोटून घेतलेले व्याकरणच हवे, असे अनेक अनुभवी शिक्षक म्हणतात. अमेरिकेत हीच चर्चा झाली. १९६६ मध्ये डार्टमथ इथे ब्रिटिश आणि अमेरिकी भाषाशिक्षक जमले. मुलाच्या स्वतःच्या अनुभवातून भाषा वाढते, हा विचार तिथून जोर धरून पसरला. दोन दशकांनंतर, १९८८ मध्ये, लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी सडेतोड सवाल केला. सत्तेच्या भाषेचे नियम ज्यांच्या घरातच आहेत ती मुले न शिकवताही ते उचलतात. आमच्या मुलांना ते उघडपणे शिकवले नाहीत तर त्यांच्या अभिव्यक्तीचे कौतुक होईल आणि दार मात्र बंदच राहील.

डेल्पिटबाईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. खाणीवरच्या वस्तीतून आलेल्या मुलीला क्रियापदाची रूपे, शुद्धलेखन, अर्जाचा मसुदा हे स्पष्ट आणि पुन्हा पुन्हा शिकवले गेलेच पाहिजे. व्याकरण नको म्हणणारा शिक्षक तिचे नुकसान करतो. पण घोटलेला नियम कुठे वापरायचा? स्वतःचे वाक्यच कधी लिहायचे नसेल तर नियम पेपरापुरता राहतो. पन्नास कर्मणी प्रयोग बदलून दाखवणारा मुलगा महापालिकेला पाणीपुरवठ्याबद्दल चार ओळींचा अर्ज लिहू शकत नाही, तेव्हा दोष व्याकरणाचा नसतो, त्याला कामच न दिल्याचा असतो. म्हणून नियम शिकवावा आणि त्याच दिवशी, त्याच तासाला मुलाच्या स्वतःच्या लेखनात तो वापरून घ्यावा. नियम आणि अनुभव यांतले एकच निवडा असा आग्रह धरणाऱ्या दोन्ही बाजू चुकतात.

तिसरी गोष्ट मराठीची. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळा आजही आहेत. ही शिक्षा शिक्षणशास्त्राच्या कुठल्याच कसोटीवर टिकत नाही. कॅनडातल्या जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले की दोन भाषांतली अभ्यासाची क्षमता आतून जोडलेली असते. मराठीत उताऱ्याचा मुद्दा पकडणे, कारण आणि परिणाम वेगळे करणे, युक्तिवाद मांडणे ज्याला येते, त्याला ते इंग्रजीत नव्याने शिकावे लागत नाही, केवळ त्यासाठीचे शब्द आणि रचना शिकाव्या लागतात. आपला इतिहास याला साक्षी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ अशी दोन पत्रे एकाच वेळी सुरू केली. त्यांच्यातल्याच आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. त्यांची इंग्रजी मराठी सोडून आली नव्हती. दोन्हींतली ये-जा हेच त्यांचे बळ होते.

ही ये-जा वर्गात आणायची तर भाषांतराचे रूप बदलावे लागेल. ओळीचा अर्थ शिक्षकाने सांगणे म्हणजे भाषांतराचा अभ्यास नव्हे. चार मुलांच्या गटाने एका इंग्रजी परिच्छेदाचे मराठी करावे, दुसऱ्या गटाचे त्याशी ताडून पाहावे, कुणाचे चपखल आणि का यावर बोलावे, म्हणजे तो अभ्यास होतो. वाघोलीच्या वर्गात घरी वडारी, गोरमाटी, हिंदी किंवा कन्नड बोलणारी मुले बसतात. त्यांना विचारावे की हीच गोष्ट तुझी आजी कशी सांगेल. त्यांतल्या एखाद्याला मराठी हीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथीही असू शकते. त्याच्या या श्रमाची वर्गाने दखल घेतली पाहिजे. त्याच्या घरच्या भाषेला वर्गात जागा मिळाली की तो इंग्रजीलाही बिचकत नाही.

सेमी-इंग्रजी शाळांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतात, पण ते विषय शिकवणारे शिक्षक स्वतःला भाषाशिक्षक मानत नाहीत. ब्रिटनमधल्या बुलक समितीने १९७५ च्या अहवालात बजावले होते की प्रत्येक विषयाचा शिक्षक हा भाषेचाही शिक्षक असतो. विज्ञानाच्या पुस्तकातली व्याख्या पाठ करण्याऐवजी एक परिच्छेद वाचून त्यातले कारण स्वतःच्या दोन वाक्यांत लिहायला लावले, तर विज्ञानही कळते आणि इंग्रजीही. नाहीतर मूल दोन्हींना मुकते. संज्ञा पाठ होतात, समज येत नाही.

पालकांना हवे असते ते बोलणे. फाडफाड बोलता आले की इंग्रजी आले, असा समज चौकाचौकांतल्या स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांनी पक्का केला आहे. बोलणे महत्त्वाचे आहेच, पण ठरावीक पन्नास वाक्ये पाठ केलेल्या मुलाला मुलाखतीत एक अनपेक्षित प्रश्न आला की ती वाक्ये संपतात. ज्याने वाचले आहे त्याच्याकडे शब्द असतात, ज्याने लिहिले आहे त्याच्याकडे मांडणी असते. त्याला बोलण्याचा सराव थोड्या काळात देता येतो. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलांच्या पालकांनीही सावध राहावे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, पण घरात मराठी पुस्तक नसेल तर तो विषय फक्त गुणपत्रिकेत राहील. मुलाचे मराठी कच्चे आणि इंग्रजी वरवरचे राहिले, तर विचार करायला त्याच्याकडे एकही भाषा भक्कम उरणार नाही.

हे सगळे परीक्षा बदलल्याशिवाय पुरते होणार नाही, हे मान्य. म्हणून पहिली मागणी राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाकडे आणि बालभारतीकडे. दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांचे गुण कमी करावेत आणि त्याच पातळीच्या, न वाचलेल्या उताऱ्यांचे वाढवावेत. तयार निबंध चालणार नाही असे, मुलाच्या परिसराशी जोडलेले लेखनप्रश्न यावेत. शाळेच्या हाती असलेले २० गुण तोंडी परीक्षेचा उपचार म्हणून वाटू नयेत. वर्षभर वाचलेली पुस्तके आणि स्वतः लिहिलेली, सुधारलेली पाने यांवर ते द्यावेत. दुसरी मागणी महापालिकेकडे. समाविष्ट गावांतल्या शाळांना रंग आणि फलक देण्याआधी वर्गावर्गात पुस्तके द्या, आणि शिक्षकांना स्वतः इंग्रजी वाचायला, लिहायला, आपसांत चर्चा करायला महिन्यातून एक दिवस अशैक्षणिक कामांतून मोकळा द्या. ज्या शिक्षकाने स्वतः वर्षात एक इंग्रजी पुस्तक वाचलेले नाही, तो मुलांना वाचते करू शकत नाही, आणि त्याला वाचायला वेळ मिळवून देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.

तिसरी विनंती मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना. मंडळाचा निर्णय येईपर्यंत थांबू नका. आठवड्यातली एक तासिका वाचनाची आणि एक तासिका स्वतःच्या लेखनाची करण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि पालकांना, मग ते सोसायटीत राहोत की वस्तीत, एवढेच सांगणे आहे. पुढच्या पालकसभेत मुलाला इंग्रजीत किती गुण पडले हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. या महिन्यात माझ्या मुलाने पाठ्यपुस्तकाबाहेरचे कोणते इंग्रजी पुस्तक वाचले? आणि त्याने स्वतःच्या मनाने लिहिलेले एक पान मला दाखवाल का? या दोन प्रश्नांची उत्तरे जी शाळा देऊ शकते, तीच इंग्रजी शिकवते. जिच्याकडे ती नाहीत, तिचे माध्यम कोणतेही असो आणि फी कितीही असो, ती इंग्रजी शिकवत नाही.